पाहुण्यांनी भरलेलं मैदान

युरोपीय फुटबॉल स्पर्धांत पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी मैदानातल्या साधारण 5 टक्के जागा राखून ठेवतात. बार्सिलोनाच्या कँप नोऊवर 2022 मध्ये त्या जेमतेम 5,000 होत्या. पण 14 एप्रिल 2022 रोजी, युरोपा लीगच्या बार्सिलोनाविरुद्धच्या उपउपांत्य सामन्याला, जर्मनीतल्या आइनट्राख्ट फ्रँकफुर्टचे सुमारे 30,000 चाहते शहरात उतरले. कुणी विमानानं आले, कुणी सुमारे 1,300 किलोमीटर रस्त्यानं. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे. सुट्टीमुळे बार्सिलोना क्लबचे कित्येक स्थानिक सभासद येणार नव्हते. त्यांच्या वाट्याच्या जागा हातोहात विकल्या गेल्या आणि यजमानांच्या गॅलऱ्या पांढऱ्या कपड्यांतल्या पाहुण्यांनी भरल्या.

फ्रँकफुर्ट 3-2 नं जिंकलं. खेळाडूंचं श्रेय आहेच, पण चाहत्यांच्या गर्जनेचाही वाटा मला मोठा वाटतो. परक्या शहरात आपल्या घरच्यासारखा आवाज ऐकू आला की पायांत बळ येतं. बार्सिलोनाचे अध्यक्ष लापोर्ता यांना मात्र झाल्या प्रकाराची लाज वाटली आणि पुढे युरोपीय सामन्यांची तिकिटं नावानिशी देण्याचं क्लबनं ठरवलं. मे महिन्यात सेव्हियातल्या अंतिम सामन्यात स्कॉटलंडच्या रेंजर्सला पेनल्टींवर हरवून फ्रँकफुर्टनं चषकही जिंकला.