पायऱ्या कुठायत?



उत्तर बरोबर असलं तरी गणिताचे सर मार्क कापायचे. म्हणायचे, "पायऱ्या कुठायत?" आज बुलढाण्यात नर्सिंगच्या मुलींना शिकवताना मी तेच विचारते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी, रात्रीची ड्यूटी संपवून चार्ज देताना मी म्हटलं, "तीन नंबर ठीक आहे." ती बाळंतीण होती. नाडी 90 वरून 118 वर गेल्याचं मी लिहिलं होतं, सांगितलं नव्हतं. रक्तस्राव तासाभराने लक्षात आला. ती वाचली, माझी झोप मात्र उडाली.

आता मुलींना पलंगाशी उभं करून चार पायऱ्या म्हणायला लावते: आत्ता काय होतंय, आधी काय झालं, मला काय वाटतं, काय करायला हवं. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून दवाखान्यांत आलेल्या या रीतीला 'एसबार' म्हणतात. तिसऱ्या पायरीला मुली अडखळतात. "आम्ही कसं सांगायचं, मॅडम? डॉक्टर रागावतील." मी म्हणते, रागावू देत. पेशंटला अकोल्याला हलवायचं ठरायला अर्धा तास उशीर झाला, तर तो रस्त्यात भरून निघत नाही.

सर, पायऱ्या नसतील तर आता मीही मार्क कापते.