एकाचें काम, दुसऱ्याची वाट



मोठें काम मुदतींत कां होत नाहीं, असें विचारलें म्हणजे आपण बहुधा माणसांच्या आळसाला बोल लावतों. पण पुष्कळदां माणसें आपापल्या जागीं राबत असतात आणि तरीहि काम खोळंबतें. कारण त्याची दोरी दुसऱ्या कामाला बांधलेली असते, आणि ती कोणीं लिहून ठेवलेली नसते.

भातलावणीचेंच पाहा. तरवा लावणीजोगा होण्यास सुमारें तीन आठवडे लागतात. तोंवर खाचरांत चिखल तयार हवा. दोन्ही कामें एका घरचीं, म्हणून घरधनी तीं मनांतच जुळवितो. पण जोत शेजाऱ्याचें असलें, तर त्याची नांगरणी लांबली कीं आपला तरवा जून होतो. दोन शेतांचे हिशेब असे एकमेकांत गुंततात.

कोंकण रेल्वेच्या कामांत हाच गुंता फार मोठ्या प्रमाणावर होता. महामंडळ १९९० सालीं स्थापन झालें. त्याचे प्रमुख ई. श्रीधरन्. रोहें ते मंगळूर हा मार्ग सात विभागांत वांटून प्रत्येकावर मुख्य अभियंता नेमला. आपल्या रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा सुमारें ६४ मीटर उंचीचा पूल व करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा हीं त्यांतलींच कामें. १९९३ सालीं दोन्ही टोकांचे तुकडे, मंगळूर-उडुपी आणि रोहें-वीर, सुरूहि झाले. परंतु गोव्यांत मार्गाच्या आखणीवरून वाद उठला, आणि पेडण्याच्या बोगद्यांत ओली, भुसभुशीत माती पुनःपुन्हां ढासळली. सलग मार्ग खुला झाला तो २६ जानेवारी १९९८ रोजीं! एक दुवा अडला, आणि साऱ्या मार्गाला त्याची वाट पाहावी लागली.

सर्वांत लांब साखळी हीच कामाची खरी मुदत, हा विचार अमेरिकेंत १९५७-५८ च्या सुमारास गणिताच्या रूपानें पुढें आला. आज संगणकावरील वेळापत्रकांत एका प्रकल्पांतलें काम दुसऱ्या प्रकल्पांतल्या कामाशीं जोडतां येतें. मागचें काम लांबलें कीं पुढची तारीख सरकते. कोणत्या कामास किती सवड आहे तेंहि दिसतें.

पण येथें तीन पथ्यें पाळावींत. पहिलें, जोड दोन्ही वह्यांत नोंदवावी आणि दोन्हीकडे एकेक माणूस तिला जबाबदार असावा. देणाऱ्याला ठाऊक नसलेलें वचन हें वचनच नव्हे. दुसरें, केवळ वरिष्ठांच्या समाधानासाठीं तारीख हातानें खिळवून ठेवूं नये. तशानें उशीर टळत नाहीं, फक्त झांकला जातो. तिसरें, दोन कामें एकमेकांचीच वाट पाहत नाहींत ना, तें तपासावें. तसें असेल तर दोन्ही सुरूच होत नाहींत.

यंत्र उशीर दाखवील, पण शेजारच्या विभागाला आधीं कळविण्याचें काम माणसाचेंच. आणि मागची दिरंगाई पुढच्या माणसाच्या घाईनें भरून काढूं पाहणें तर फारच घातक. बोगद्यांत अशा घाईची किंमत मजुराच्या जिवानें मोजावी लागते. म्हणून कोणतेंहि जोडकाम हातीं घेतांना दोन प्रश्न आधीं विचारावे: मी कोणाची वाट पाहत आहें, आणि माझी वाट कोण पाहत आहे? पहिला प्रश्न आपण सहज विचारतों. कामें अडतात तीं दुसऱ्याच्या विस्मरणानें.