बसलेला हात



आज बोलायचं आहे ते हार्ट अटॅकबद्दल, तेव्हा वेळ न घालवता मुद्द्यावर येतो.

छातीत कळ आली की नातेवाईक विचारतात, 'डॉक्टर, मोठ्या दवाखान्यात हलवायचं का?' त्यांचं चुकत नाही. १९९९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये थीमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ६५ वर्षं व त्यापुढच्या ९८,८९८ रुग्णांचा अभ्यास मांडला. अटॅकचे रुग्ण सर्वांत कमी येणाऱ्या रुग्णालयांत ३० दिवसांत दगावण्याचा धोका सर्वांत गर्दीच्या रुग्णालयांपेक्षा १७ टक्क्यांनी जास्त निघाला. पण त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष आपण सोयीस्करपणे विसरतो. अँजिओप्लास्टी-बायपासची सोय असण्यानसण्याचा मृत्युदराशी वेगळा संबंध दिसला नव्हता. पुढे २०१० मध्ये असंही दिसलं, की वर्षाला सुमारे ६१० रुग्णांनंतर वाढत्या संख्येचा फायदा उरत नाही.

मग वाचवतं काय? बसलेला हात. आणि तो एकट्या हृदयरोगतज्ज्ञाचा नव्हे. केसपेपर निघायच्या आधी ईसीजीची पट्टी काढणारी सिस्टर, कोणालाही न विचारता स्ट्रेचर पळवणारा वॉर्डबॉय, या सगळ्यांचा. २००६ मध्ये ब्रॅडली आणि सहकारी संशोधकांनी ३६५ रुग्णालयं तपासली. अँजिओप्लास्टीपर्यंतचा वेळ वाचवणाऱ्या गोष्टी कोणत्या निघाल्या? आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरनेच कॅथलॅब सुरू करायला सांगायचं, एका फोनवर सगळ्यांना निरोप जायचा, आणि २० मिनिटांत माणसं हजर हवीत. यातल्या एकाही गोष्टीला नवं यंत्र लागत नाही. बैठक घ्यावी लागते, आणि ती आपल्याला जड जाते!

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण इथे कोणाला सांगायला नको. विंचूदंशाने कोलमडणारं हृदय त्यांनी बिरवाडीसारख्या ठिकाणी ओळखलं, प्राझोसिन वापरलं, आणि ते 'लॅन्सेट'पर्यंत पोचलं. इमारत लहान होती. पाहिलेले रुग्ण मात्र पुष्कळ होते.

पण तालुक्यातल्या डॉक्टरकडे अटॅकचे रुग्ण येणार मोजकेच. त्याने अनुभव आणायचा कुठून? एक वाट तमिळनाडूने दाखवली: लहान रुग्णालयं मोठ्यांना जोडली. जवळच्या ठिकाणी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, मग अँजिओप्लास्टीसाठी पुढे रवानगी. २,४२० रुग्णांच्या त्या अभ्यासात वर्षभरातला मृत्युदर १७.६ वरून १४.२ टक्क्यांवर आला.

मी स्वतः अशी जोडणी नसताना तालुक्याच्या गावी बारा खाटांचं रुग्णालय चालवलं. स्ट्रेप्टोकायनेज लावून पुढे पाठवलेल्या रुग्णाचं काय झालं, हे मला बहुधा त्याच्या गावच्या एसटी कंडक्टरकडून कळायचं. मोठ्या रुग्णालयातून कधी एक चिठ्ठी आली नाही. माझा निर्णय बरोबर होता की उशिराचा, हे कळलंच नाही, तर हात बसणार कसा?

म्हणून या सभागृहातल्या कॅथलॅबवाल्यांना एवढीच विनंती. रात्री दोन वाजता तालुक्यातून ईसीजीचा फोटो आला, तर फोन उचला. आणि रुग्ण घरी गेला की पाठवणाऱ्या डॉक्टरला पुढची हकिगत कळवा, गेला नाही तरीही कळवा.