एक शब्द, दोन टोके
(हैदराबाद येथे दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



इंग्रजीत ‘क्लीव्ह’ नावाचे एक क्रियापद आहे. कोश उघडावा, तर त्याचा अर्थ चिरणे, दुभंगणे असा दिलेला आढळतो; आणि लगेच खाली चिकटणे, बिलगणे असाही! एकाच शब्दाने तोडावे आणि त्यानेच जोडावे, हे पाहून नवखा वाचक कोशकाराला दोष देतो. दोष त्याचा नाही. मुळात हे दोन निराळे शब्द. प्राचीन इंग्रजीत चिरण्याला ‘क्लेओव्हन’ आणि चिकटण्याला ‘क्लिव्हिअन’ म्हणत. पुढे उच्चार झिजत गेले आणि दोघांचे रूप एक झाले.

चिरण्याच्या अर्थाचा संसार मोठा आहे. खाटकाचा सुरा तो ‘क्लीव्हर’, गाईचा दुभंगलेला खूर तो ‘क्लोव्हन’, फाटलेला टाळू तो ‘क्लेफ्ट’. लसणाची पाकळी म्हणजे ‘क्लोव्ह’, तीही याच कुळातली. लवंगेलाही इंग्रजीत ‘क्लोव्ह’च म्हणतात, परंतु ते नाव खिळा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून फ्रेंचमार्गे आले. येथे केवळ नामसाम्य आहे, नाते नाही.

१६११ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलमध्ये तर हे दोन्ही अर्थ एकाच भूतकाळी रूपात भेटतात. अब्राहाम होमासाठी लाकडे फोडतो, तेथे ‘क्लेव्ह’. विधवा रूथ आपल्या सासूला, नामीला, सोडून जाण्याचे नाकारते आणि तिला बिलगून राहते, तेथेही ‘क्लेव्ह’. मूळ हिब्रूत या दोन ठिकाणी दोन वेगळी क्रियापदे आहेत. इंग्रजी वाचकाला मात्र मागचापुढचा संदर्भ पाहूनच निवाडा करावा लागतो. भाषांतरकाराने कोशातला पहिलाच अर्थ उचलला, तर सासूला बिलगणारी सून तिला चिरणारी ठरेल!

असे शब्द आपल्याकडे नाहीत असे नाही. मराठीतला ‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही. तो गेला की यायचा आहे, हे क्रियापद सांगते. संस्कृतातील ‘आरात्’ या अव्ययाचे दूर आणि जवळ असे दोन्ही अर्थ अमरकोशाने नोंदले आहेत. म्हणून शब्दाचा अर्थ एकट्या शब्दापाशी नसतो, शेजाऱ्यांपाशी असतो.

रूथच्या कथेत आणखी एक गोष्ट आहे. सासूला बिलगण्यासाठी तिला आपला मवाब देश, आपले गणगोत सोडावे लागले. तिच्या त्या एका कृतीत शब्दाचे दोन्ही अर्थ नांदतात. या शहरातील मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कन्नड जिल्हे म्हैसूर राज्यात, आणि तेलंगण हैदराबाद शहरासह आंध्र प्रदेशात. पुढे २०१४ साली तेलंगण स्वतंत्र राज्य झाले. सीमा सरकल्या, येथे राहिलेली मराठी घरे मात्र गावालाही बिलगून राहिली आणि भाषेलाही.

अशा घरांना ग्रंथालय कशासाठी लागते, याचे उत्तर त्या क्रियापदातच आहे. जेथे नकाशा चिरतो, तेथे पुस्तक चिकटवून ठेवते. मात्र ते पुस्तक कपाटातून कोणीतरी काढले पाहिजे, आणि कोश उघडल्यावर पहिल्याच अर्थाशी न थांबता दुसऱ्यापर्यंत वाचले पाहिजे.