बँकेसाठी नवी कल्पना : आपल्या मुलांनी का विचार करावा?

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)

 

स्पर्धा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे वक्तृत्व, निबंध, किरात नाहीतर धावण्याची शर्यत येते. आज मी एका वेगळ्याच स्पर्धेविषयी बोलणार आहे. बँकेच्या कामात नवी कल्पना सुचविण्याची ही स्पर्धा आहे आणि ती भरविते खुद्द आपली रिझर्व्ह बँक. या बँकेचे एक कार्यालय इथेच, सी. बी. डी. बेलापूरला आहे. आपल्यापैकी कित्येकजण त्या इमारतीवरून येत-जात असतात. परंतु तेथील कामाशी आपल्या मुलांचा काही संबंध येऊ शकेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘हार्बिंजर’ नावाची आपली पहिली जागतिक स्पर्धा जाहीर केली. पहिले बक्षीस ४० लाख रुपयांचे, दुसरे २० लाखांचे. भारतातून आणि इतर २२ देशांतून मिळून ३६३ प्रस्ताव आले. पुढे २०२३ आणि २०२४ मध्येही ती भरली. अशा स्पर्धेला हॅकेथॉन म्हणतात. नाव ऐकून बिचकू नका. एक अडचण समोर ठेवायची आणि ठरलेल्या मुदतीत तिच्यावर चालेल असा उपाय करून दाखवायचा, इतकाच त्याचा अर्थ. खास विद्यार्थ्यांसाठी म्हणाल, तर केंद्र सरकारची ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ २०१७ साली सुरू झाली.

या स्पर्धांत प्रश्न कोणते विचारले, ते ऐका. २०२१ मध्ये विचारले, की मोबाईलवाचून लहान-लहान रकमांचे व्यवहार रोखीऐवजी डिजिटल पद्धतीने कसे करता येतील? २०२३ मध्ये विचारले, की अपंग बांधवांना बँकेच्या सेवा सोप्या कशा करता येतील? २०२४ मध्ये विचारले, की अंध माणसाला हातातली नोट चटकन आणि अचूक कशी ओळखता येईल? मित्रहो, हे प्रश्न काय फक्त विद्वानांचे आहेत? दिवाळे कोळीवाड्यातली मासळी विकणारी बाई, वाशीच्या घाऊक बाजारातला माथाडी कामगार, आपल्याच मोहल्ल्यातले नजर अधू झालेले दादाजान यांचे हे प्रश्न आहेत. उत्तर देण्यासाठी पुढे शिक्षण लागेलच. पण प्रश्न समजण्यासाठी लागणारे शिक्षण आपल्या मुलांना घरीच मिळालेले आहे.

बँकांतल्या चांगल्या कल्पना बहुधा अशाच जन्माला आल्या. पिग्मी हा शब्द आपल्याकडे प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे. ती कल्पना १९२८ सालची, उडुपीच्या सिंडिकेट बँकेची. गरीब माणूस बँकेत येत नाही, कारण त्याच्याजवळ एकावेळी मोठी रक्कम नसते. मग बँकेनेच त्याच्या दारी जावे आणि रोजचे दोन आणे गोळा करावे! ही बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी राहिली.

दुसरे उदाहरण आपल्या सातारा जिल्ह्यातले. म्हसवडच्या कष्टकरी बायकांनी चेतना गाला सिन्हा यांच्याबरोबर स्वतःची बँक काढायचे ठरविले. प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून परवाना नाकारला गेला. बायका रडत बसल्या नाहीत. त्या शिकायला बसल्या आणि पुन्हा रिझर्व्ह बँकेपुढे जाऊन उभ्या राहिल्या. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. इल्म म्हणजे काय, हे त्यांच्याकडून शिकावे.

आणि बँकेचा विचार आपल्याला परका मुळीच नाही. नुबुवत मिळण्यापूर्वीच आपल्या प्यारे नबींना (स.अ.) मक्केचे लोक ‘अल-अमीन’ म्हणत व आपल्या ठेवी त्यांच्याजवळ ठेवीत. हिजरतीच्या रात्री, जिवावर बेतले असताना, त्या ठेवी ज्याच्या त्याला परत करण्याची जबाबदारी त्यांनी हजरत अली यांच्यावर सोपविली. कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत देण्याघेण्याचा लेखी करार करण्याविषयी आहे. अमानत आणि लेखी हिशेब, या दोन गोष्टींवरच तर बँक उभी असते.

व्याजामुळे आपल्यातली काही घरे बँकेपासून दूर राहतात, हेही खरे. २००८ मध्ये रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकसेवेचा विचार व्हावा असे म्हटले होते. रिझर्व्ह बँकेने तो प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरविल्याचे २०१७ मध्ये उघड झाले. निर्णय पटो वा न पटो, उद्या असा विषय पुन्हा निघाला तर त्या टेबलाशी बसून आकडे मांडू शकतील अशी मुले आपण तयार करीत आहोत काय, हा प्रश्न मी आपणापुढे ठेवतो.

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती सांगतो. २०२४ च्या स्पर्धेत आणखी एक प्रश्न होता : ‘म्यूल’ खाती कशी ओळखावीत? म्यूल म्हणजे खेचर, दुसऱ्याचे ओझे वाहणारे जनावर. फसवणुकीचा पैसा चोर स्वतःच्या खात्यात घेत नाही. तो एखाद्या गरजू तरुणाला गाठतो. “तुझे खाते आणि ए.टी.एम. कार्ड थोडे दिवस दे, हजार-दोन हजार देतो,” असे म्हणतो. पोरगा फीच्या किंवा मोबाईलच्या मोहाने देतो. पुढे पोलीस पैशाचा माग काढीत येतात ते खातेदाराच्या दारी! चोर नामानिराळा राहतो. अशी खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नवकल्पना केंद्राने ‘म्यूलहंटर’ नावाची यंत्रणा तयार केली. डिसेंबर २०२४ मध्ये ती जाहीर झाली.

विद्यार्थी मित्रांनो, एकाच प्रश्नाच्या दोन बाजूंना तुमच्याच वयाची मुले उभी आहेत. एक आपले खाते भाड्याने देतो, दुसरा तशी खाती पकडण्याची युक्ती शोधतो. दोघांच्या हातात मोबाईल सारखाच. फरक आहे तो माहितीचा आणि सोबतीचा. आपले खाते ही अमानत आहे, ते कोणालाही देऊ नका. घरात कोणी फसलेच तर शरमेने गप्प न बसता तात्काळ १९३० या क्रमांकावर कळवा.

शेवटी संस्थेला माझी एक नम्र सूचना आहे. पुढील वर्षी आठवी ते बारावीच्या मुलामुलींसाठी आपणच अशी एक छोटी स्पर्धा भरवावी. चार-चार जणांचे गट करावे. प्रत्येक गटाने पाच माणसांना भेटून पैशाच्या व्यवहारात त्यांना काय अडते ते वहीत लिहावे. त्यातली एकच अडचण निवडावी, उपाय सुचवावा, आणि त्या उपायाचा गैरफायदा कोण व कसा घेईल हेही सांगावे. संगणक नसला तरी चालेल. वही, पेन्सिल आणि ऐकून घेण्याची तयारी पुरे. बक्षीस म्हणून पुस्तके द्यावीत.

पालकांना एवढीच विनंती, की मुलींनाही या गटांत येऊ द्या. घरातली भिशी, उधारी आणि महिनाअखेरचा मेळ आई कसा बसविते, हे मुलगी जवळून पाहत असते. तिच्या वहीत जे लिहिले जाईल ते कदाचित दुसऱ्या कोणालाच सुचणार नाही.