कोणाच्या कानी पडेल

आजचा विषय जरा आडवळणाचा आहे. मुलं शेजारी बसली असतील तरी रेडिओ बंद करू नका, मी जपून बोलणार आहे.

ओकव्हिलहून टोरांटोला जाणाऱ्या गो ट्रेनच्या वरच्या मजल्यावर गर्दीच्या वेळी 'क्वाएट झोन' असतो. तिथे बसून मी गेल्या महिन्यात एक मराठी शृंगारिक कादंबरी ऐकली. इंग्रजीत असलं काही वाचताना मला कधी लाज वाटली नव्हती. मराठीत, एका बाईंच्या आवाजात ऐकताना मात्र समोरच्या पंजाबी काकांना सगळं कळतंय असं वाटून मी दोन स्टेशनं खिडकीबाहेरच बघत बसलो. वाचताना डोळा चार ओळी गाळून पुढे पळतो. कानाला ती सोय नाही. वेग दीडपट करून पाहिला, तर प्रणयप्रसंग क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखा वाटायला लागला.

शनिवारी आईला घेऊन किराणा आणायला निघालो. आई पुण्याहून आलीय, मागच्या सीटवर बसली होती. गाडी सुरू केली, फोन आपोआप ब्लूटूथला जोडला गेला आणि बाई जिथे थांबल्या होत्या तिथूनच बोलायला लागल्या. घाईत भलतंच बटण दाबलं, आवाज आणखी वाढला.

शेवटी शांतता झाली, तेव्हा मागून आईचा आवाज आला, "काकोडकर का रे?"

काकोडकर नव्हते. पण त्या दिवशी मला कळलं, की कॉलेजात असताना आई आणि तिच्या मैत्रिणी लायब्ररीतून आणलेले काकोडकर वर्तमानपत्राचं कव्हर घालून आळीपाळीनं वाचायच्या. क्लायंटसमोर तासभर बोलणारा मी, या विषयावर आईशी आयुष्यात एक वाक्य बोललो नव्हतो.

तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा'च्या १९६२च्या दिवाळी अंकात आली होती. अश्लील म्हणून खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयानं दोषी ठरवून २५ रुपये दंड केला. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६९ साली तिथे सुटले. असलं लिखाण कोणाच्या हाती पडेल आणि त्याच्या मनावर काय परिणाम होईल, हा न्यायालयापुढचा प्रश्न होता. तरुण मुलं बिघडतील, ही धास्ती. ज्यांच्या हाती पडलं त्यांतली एक माझ्या मागच्या सीटवर बसून मेथी मिळेल का विचारत होती.

घरी आल्यावर तिनं फोन मागितला. "पहिल्यापासून लावून दे. आणि ते कानातलं पण दे, सूनबाईची मीटिंग चालू आहे."

दुपारभर बेसमेंटमध्ये ऐकत बसली. संध्याकाळी चहा घेताना म्हणाली, "गोष्ट ठीक आहे. पण त्या बाईंना 'चमचा'तला 'च' म्हणता येत नाही."