दीर्घकालीन वेदना आणि ॲक्युपंक्चर



जखम झाली की वेदना होते आणि जखम भरली की ती ओसरते, हा शरीराचा सामान्य नियम होय. परंतु कित्येकांची वेदना मूळ इजा बरी झाल्यावरही मागे उरते. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या अशा वेदनेस वैद्यकशास्त्रात दीर्घकालीन वेदना म्हणतात. गुडघा, कंबर, मान व डोके ही तिची नेहमीची स्थाने. तिच्यामुळे झोप उडते, हिंडणे-फिरणे कमी होते, माणूस घरातल्या घरात एकाकी पडतो. वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्यास जठर व मूत्रपिंड यांना अपाय होण्याचा धोका असतो. म्हणूनच अनेक रुग्ण ॲक्युपंक्चरकडे वळतात.

या प्राचीन चिनी पद्धतीचा भारतातील प्रसार एका ऐतिहासिक वैद्यकीय पथकाशी निगडित आहे. १९३८ साली चीनमधील युद्धग्रस्तांच्या सेवेसाठी गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. १९४२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि कोलकात्यात त्यांनी तिचे उपचार सुरू केले. महाराष्ट्रात या पद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे.

शरीरातील विशिष्ट मार्गांनी ‘ची’ नावाची प्राणशक्ती वाहते, अशी चिनी परंपरेची धारणा आहे. असे मार्ग शरीररचनाशास्त्राला आढळलेले नाहीत. मात्र सुई टोचल्याने मज्जातंतू उद्दीपित होतात आणि शरीरातील नैसर्गिक वेदनाशामक द्रव्ये, म्हणजे एंडॉर्फिन, स्रवतात, असे १९७० च्या दशकापासूनचे संशोधन सुचविते.

आता मुख्य प्रश्न असा की, गुण कितपत येतो? जर्मनीतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांचे तीन गट करण्यात आले होते. सहा महिन्यांनंतर ॲक्युपंक्चर घेणाऱ्यांपैकी ४७.६ टक्के रुग्णांना लक्षणीय आराम पडला. औषधे, व्यायाम इत्यादी रूढ उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण २७.४ टक्के होते. मात्र ज्यांना परंपरेने सांगितलेले बिंदू टाळून सुया केवळ वरवर टोचल्या होत्या, त्यांच्यातही ४४.२ टक्क्यांना तसाच आराम पडला. पुढे २०१८ साली वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यात खऱ्या सुयांचा लाभ बनावट सुयांपेक्षा अधिक आढळला. पण तो फरक लहानच होता. तज्ज्ञांतही एकमत नाही. इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी हा उपचार देऊ नये असे सांगितले, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या उपचारांत त्याचा समावेश केला.

तात्पर्य, या उपचाराने वेदना हलकी होऊ शकते. परंतु झिजलेला सांधा नवा होत नाही आणि कोणताही आजार मुळापासून जाईल अशी हमी देता येत नाही. तशी हमी देणाऱ्यापासून सावध राहावे.

प्रथम वेदनेचे निदान डॉक्टरांकडून करून घ्यावे. वेदनेसोबत ताप असेल, वजन घटत असेल, पायांतील शक्ती जात असेल अथवा लघवीवरील ताबा सुटत असेल, तर सुयांत वेळ न दवडता तातडीने रुग्णालय गाठावे. उपचारक प्रशिक्षित व नोंदणीकृत असावा. सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरावयाच्या असाव्यात. अकुशल हाताने छातीवर खोल टोचलेली सुई फुप्फुसास इजा करू शकते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास किंवा पेसमेकर बसविला असल्यास ते आधीच सांगावे. मधुमेह, रक्तदाब यांची औषधे परस्पर बंद करू नयेत. उपचारास मुदतही ठरवावी. जर्मन चाचणीत मूळ क्रम १० बैठकांचा होता. तेवढ्या बैठकांनंतरही फरक न पडल्यास खर्च वाढवीत बसू नये. आराम पडलाच, तर त्या दिवसांत चालणे व व्यायाम पुन्हा सुरू करावा, कारण हालचाल सुटली की दुखणे बळावते.

घरातील वृद्धांची वेदना ‘वयाचे दुखणे’ म्हणून सोडून देऊ नये. त्यांचे म्हणणे ऐकावे, निदान करवून घ्यावे आणि मगच उपचाराची निवड करावी, एवढेच या प्रसंगी सर्वांस नम्र निवेदन.